सांध्यावरची शिरोरेघ

"फट बुजवायला हे सिलिकॉन घ्या. जुन्यावरूनच ओढलं तरी एखादा पावसाळा निघेल. फक्त त्यावर रंग बसत नाही," दुकानदार म्हणाला.

"मग तेच दे," बाप म्हणाला.

मुलीने काउंटरवरची दुसरी ट्यूब उचलली. "आणि हे?"

"ते पीयू. गाडीच्या हादऱ्यांना तेच बरं. वरून रंगही मारता येतो. पण आधी जुनं सगळं खरवडून पत्रा उघडा करावा लागतो."

"खरवडायचं नाही," बाप म्हणाला.

"खरवडल्याशिवाय गळती थांबणार नाही," मुलगी म्हणाली.

फरशीच्या रंगावरून भांडणारी नवरा-बायको दुकानदाराने पुष्कळ पाहिली होती. एका ट्यूबवरून बाप आणि मुलगी हमरीतुमरीवर येताना तो पहिल्यांदाच पाहत होता. "आधी दुखणं तरी बघू," म्हणत तो दोन्ही ट्यूब हातात घेऊन बाहेर आला.

रस्त्याच्या कडेला जीपमागे घोड्यांचा ट्रेलर उभा होता. आतली रबरी चटई अजून ओली होती. कालच्या फेरीत एका घोडीच्या कानात वाटभर पाणी ठिबकत राहिलं. ती बिथरली आणि तिने मधल्या फळीवर अशा लाथा झाडल्या की मागच्या पायाचं कातडं सोलून निघालं. घोडीच्या मालकाने आरडाओरडा केला नाही. त्याने फक्त पुढची फेरी दुसऱ्याला दिली.

ट्रेलरच्या बाजूवर लाल रंगात मोठ्ठं लिहिलं होतं, 'बापलेक'. खाली बारीक अक्षरांत, 'घोडे सुखरूप पोचवू'. रंगारी भलताच आळशी असणार. त्याने शिरोरेघ वेगळी ओढलीच नव्हती. छप्पर आणि बाजूचा पत्रा जिथे जुळतो, त्या सांध्यावरच लाल ब्रश फिरवून अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी खाली टांगली होती. सांधा नेमका तिथेच उलला होता.

"पाणी शिरोरेघेतच मुरतंय की," दुकानदार म्हणाला.

मुलीला ते आधीच माहीत होतं. त्या अक्षरांचा तिला राग होता. दादावर नव्हता. दादा भला माणूस होता, दूर नोकरीत रमला होता आणि दर रविवारी फोन करायचा. राग अक्षरांवर होता. जीप चालवायची तिने, बुजलेल्या घोड्याला गोंजारून आत चढवायचं तिने, रात्री-अपरात्री उठायचं तिने. आणि ती गाडीतून उतरली की गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचं, "आणि लेक कुठे राहिला?" ती हसून वेळ मारून न्यायची. मग दिवसभर तिच्या तोंडाची चव गेलेली असायची.

एका मोठ्या तबेल्याने तिला नोकरीला बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिने बापाला सांगितलं, तेव्हा तो "बघ, तुझं तू ठरव," एवढंच म्हणाला आणि घोड्याला खरारा करायला निघून गेला. मग तिने मनाशी ठरवून टाकलं. बाबांनी ती अक्षरं काढू दिली, तर राहायचं. दादाच्या नावाला कवटाळून बसले, तर जायचं.

"बाबा, खरवडू या," ती म्हणाली. "सगळी बाजू नव्याने रंगवू. दुसरं काहीतरी लिहू."

"नाही."

"का पण?"

बापाने अंगठ्याने 'ले'वरची धूळ पुसली. घोड्यांशी तो तासन् तास बोलायचा. माणसांशी बोलायचं तर त्याला आधी घसा साफ करावा लागे.

"तुला जायचं तर जा. मी अडवलेलं नाही," तो म्हणाला. "पण जाताना स्वतःलाच खरवडून कशाला जातेस?"

"स्वतःला?"

"मग लेक काय मी आहे?"

मुलीने अक्षरांकडे पाहिलं, मग बापाकडे. "हे दादासाठी लिहिलं होतं ना? रंगाचा डबा धरून तोच तर उभा होता. मला आठवतंय."

"डबाच धरला त्याने. घोडा धर म्हटलं असतं तर घरी पळाला असता. घोडं नुसतं खिंकाळलं की माझ्यामागे लपायचा. आणि तू एवढीशी, घोडीच्या पोटाखालून इकडून तिकडे जायचीस. तुझ्या आईचा जीव टांगणीला." त्याने पुन्हा घसा साफ केला. "रंगाऱ्याने विचारलं, बाप आणि कोण? मी तुझ्याकडे बोट केलं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती ज्याच्यावर दात-ओठ खात आली, ते तिचंच नाव होतं.

"कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"एवढं मोठं लिहून ठेवलंय. आणखी काय सांगायचं?"

दुकानदार दोन हातांत दोन ट्यूब घेऊन उभाच होता. या घरगुती मामल्यात आपलं काय काम, हे त्याला कळेना, आणि दुकान उघडं टाकून आल्याची हुरहुरही होती. त्याने हळूच विचारलं, "मग कोणतं देऊ?"

"रंग बसेल ते," लेक म्हणाली. "आणि लाल रंगाचा एक छोटा डबा. शिरोरेघ मी ओढते, डबा बाबा धरतील."