वडाभोवती लाल गाडी

उद्धव वकिलांची लाल गाडी थांबत नव्हती. अंबापेठेतल्या वडाला तिचा दुसरा फेरा चालू होता. १९६१ सालची वटपौर्णिमा. पारावर गल्लीतल्या साऱ्या बायका पूजेची ताटं सावरत उभ्या, आणि पाराखालून उद्धव वकील स्टिअरिंगला चिकटून गरगर फिरताहेत. क्लच गेला, क्लच गेला, एवढंच ते जाता जाता ओरडून सांगत होते.

गाडी विलायती होती, दोन सीटांची, बिनछपराची. अकोल्याच्या किसनराव जिनिंगवाल्यांनी ती एका साहेबाकडून घेतली होती. मूळच्या इंजिनाने केव्हाच राम म्हटला होता, म्हणून त्यांनी तिच्यात जुन्या जीपचं इंजिन बसवलं. त्यामुळे गाडी दिसायची नवरीसारखी आणि आवाज करायची पिठाच्या गिरणीसारखा. किसनराव सरळ माणूस. इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे, क्लचचा भरवसा नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. कुठली तार कशाची तेही दाखवलं. इतकं खरं बोलणारा विकणारा वकिलांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी गाडी घेतली.

सौदा ठरवून ते घरी आले आणि भडका उडाला. वकिलांना मोडक्या वस्तूंचा नाद होता. घरात न वाजणारा ग्रामोफोन होता, न चालणारं लंबकाचं घड्याळ होतं, एका डोळ्याने आंधळी दुर्बीण होती. हे सगळं पुसून ठेवायचं काम त्यांच्या बायकोचं, चारुशीलेचं. गाडीचं ऐकून तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आना खुशाल," ती म्हणाली. "पण यंदा मी वडाले फेरे घालत नाही. सात जनम हेच भंगार पुसत बसू काय?"

ती गमतीने बोलली असती तर वकील हसले असते. पण त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलू लागली. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस घरात भाजी मागून घ्यायला भिऊ लागला. बायको पुढच्या जन्मी आपल्याला नको म्हणते, हे त्यांना फार लागलं होतं. पण शब्द दिला होता आणि जीव गाडीत अडकला होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते गाडी आणायला अकोल्याला गेले.

सकाळी चारुशीला सासूबरोबर वडापर्यंत आली खरी. पार्बताबाईंना एकटं कसं पाठवायचं, म्हणून आली. पण रुमालाने झाकलेलं ताट धरून ती पाराच्या कडेलाच उभी राहिली. शेजारच्या सत्यवतीबाईंनी दोनदा बोलावलं, तरी ती जागची हलली नाही. बायकांची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात अकोल्याच्या रस्त्यावरून, बडनेऱ्याच्या बाजूने गिरणीचा आवाज ऐकू आला.

तिसऱ्या फेऱ्याला बायकांची भीती गेली. चौथ्याला कुणीतरी खुदकन हसलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली होती. क्लचचं पेडल तळाला जाऊन निपचित पडलं होतं. ब्रेक दाबला की गाडी नुसती कण्हायची. वकिलांची टोपी पहिल्याच फेऱ्यात उडून गेली होती. सत्यवतीबाई शाळेत शिकवायच्या, त्यांना मोजायची सवय. पाचव्या फेऱ्याला त्यांनी मोठ्याने "पाच" म्हटलं. सहाव्याला साऱ्या बायकांनी म्हटलं.

समोरून जाताना वकील दर वेळी बायकोकडे बघायचे, आणि ती दर वेळी दुसरीकडे बघायची. सहाव्या फेऱ्याला तिला ते जमलं नाही. तिने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसले.

सातवा फेरा पुरा झाला. गाडीने दोन आचके दिले आणि बरोबर चारुशीलेसमोर येऊन ती गप्प झाली.

"सूनबाई," पार्बताबाई म्हणाल्या, "त्यानं त्याचे सात घातले. आता तुह्यं तू पाय."

चारुशीलेने ताटावरचा रुमाल काढला. सुताची गुंडी ताटात होती. ती घरूनच घेऊन आली होती, तेव्हा राग किती खरा होता ते तिचं तिलाच ठाऊक. तिने पदर खोचला आणि ती वडाला सूत गुंडाळू लागली. वकील गाडीत बसून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला डोक्यावर टोपीही नव्हती.

पूजा आटोपली, पण गाडी पुन्हा सुरू होईना. गल्लीतल्या पुरुषांनी गिअर हिसडून मोकळा केला आणि ती ढकलत घरी न्यायचं ठरलं. स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं होतं. पार्बताबाईंनी सुनेलाच आत बसवलं. वकील दाराला खांदा लावून शेजारून ढकलत होते. चारुशीलेला आता मजा येत होती. लोक बघत होते आणि ती राणीसारखी बसली होती.

वळणावर तिच्या बोटांना स्टिअरिंगखाली काहीतरी लागलं. एक तार होती. ओढायला सोपं जावं म्हणून तिच्या टोकाला दोऱ्याचं रिकामं रीळ बांधलेलं होतं.

"हे कायची तार हाये?" तिने विचारलं.

वकिलांनी मागे ढकलणाऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "इंजन बंद करायची. किसनरावनं दाखवली होती."

चारुशीला त्यांच्याकडे बघतच राहिली. "मंग पहिल्याच फेऱ्याले काहून नाही ओढली?"

"सात व्हायचे होते," वकील म्हणाले.