मेणाचा चेहरा

रोमच्या भर रस्त्यात सेनापतीनं स्वतःलाच लंगडत येताना पाहिलं आणि तो जागीच थिजला.

त्याच्या वडिलांची अंत्ययात्रा चालली होती. रिवाजाप्रमाणे घराण्यातल्या मेलेल्या पुरुषांचे मेणाचे मुखवटे चढवून नट प्रेतापुढे चालत होते. त्यातला शेवटचा चेहरा त्याचा होता; तो चढवलेला नट हुबेहूब त्याच्यासारखाच लंगडत होता. लोक त्यावर फुलं उधळत होते.

शत्रूच्या कैदेतून सुटून तो आजच शहरात पोचला होता. गर्दीत घुसून त्यानं बायकोचा हात धरला. “अगं, मी जिवंत आहे.”

तिनं त्याला लगेच ओळखलं.

“अहो, रणात पडलेल्या सेनापतीचा मुलगा म्हणून लोकांनी आपल्या पोराला निवडून दिलंय,” ती कुजबुजली. “कैद्याच्या मुलाला कोण विचारणार?”

आणि अंगावरची शाल काढून तिनं ती त्याच्या तोंडावर ओढली.