दोन झाकणं

ताईने छोटीची डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली, डोळा लावला, आणि तिचा असा जळफळाट झाला म्हणून सांगू!

काय त्या पेशी! एकीला एक चिकटून, नव्या फरशीसारख्या एकसारख्या बसलेल्या. फट म्हणून कुठे नाही. एका रंगाऱ्याच्या डोळ्यात चुना उडाला होता. डॉक्टरांनी त्याच्या धड डोळ्याच्या कडेवरून तिळाएवढा तुकडा काढला, त्याचे दोन भाग केले, एक ताईला दिला, एक छोटीला. दोघींनी आपापल्या डिशमध्ये त्यातल्या मूळपेशी वाढवून त्यांचा पातळ पडदा तयार करायचा. एकीच्या बिघडल्या तर दुसरीच्या हाताशी असाव्यात, अशी इथली पद्धत. आज बारावा दिवस. अकरा वाजता ऑपरेशन, आणि ज्या डिशमधला पडदा चांगला, तो रंगाऱ्याच्या डोळ्यावर बसणार.

ताईने आता स्वतःची डिश लावली. मधोमध भोक. पेशी खरवडून काढल्यासारख्या निघाल्या होत्या. एवढ्या भोकाचा पडदा कोण घेणार?

म्हणजे सलग चौथ्यांदा! अठरा वर्षं प्रयोगशाळेच्या या खोलीत घालवली तिने. ड्रॉपर कसा धरायचा इथपासून त्या पोरीला तिनेच शिकवलं. आणि आता डॉक्टर दारातूनच विचारतात, "आमची छोटी कुठाय?" आमची म्हणे! गेल्या तिन्ही वेळा छोटीचाच पडदा गेला, आणि वर ही बया गोड हसून म्हणते, "सगळं तुमच्यामुळे हं, ताई." ते ऐकलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरगी उर्मट असती तर किती सोय झाली असती. निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

छोटी ऑपरेशनची तयारी झाली का ते विचारायला गेली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही डिश हुडच्या, म्हणजे निर्जंतुक कपाटाच्या, काचेआड शेजारी शेजारी, आणि नावं काय ती मार्करने झाकणांवर लिहिलेली. पेशी दोन्हीकडे त्याच माणसाच्या. चांगला पडदा त्याला मिळणारच होता, मग तो कुणाच्या का नावाने मिळेना. त्या बिचाऱ्याचं काय बिघडणार?

ताईने नवे हातमोजे चढवले, त्यांवर स्पिरिट मारलं, आणि झाकणांची अदलाबदल केली. लबाडी करतानाही बाईने शिस्त सोडली नाही.

डॉक्टर आले, मागोमाग छोटी आली. डॉक्टरांनी ताईच्या नावाची डिश पाहिली आणि मानच डोलावली. "वा, ताई! तुमच्या हाताला अजून तोड नाही बघा."

हे ऐकायला ती चार महिने आसुसली होती. कसं अगदी गार वाटलं. छोटीच्या चेहऱ्याकडे तिने मुद्दाम पाहिलं. तर ती वेडी आनंदाने टाळी वाजवायच्या बेतात.

मग डॉक्टरांनी दुसरी डिश लावली. "छोटी, हे काय गं? आज एवढी एकच डिश असती, तर त्या माणसाला काय सांगितलं असतं मी? उद्यापासून सहा महिने नुसतं बघायचं. कशाला म्हणून हात लावायचा नाही." चांगली डिश घेऊन ते निघून गेले.

छोटी मायक्रोस्कोपवर वाकली, ती बराच वेळ उठेना. आता रडेल, नाहीतर वाद घालेल, म्हणून ताई उत्तर जुळवून उभी होती. छोटीने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"काल संध्याकाळी छान होती हो. आज सकाळी पेशींचं खाद्य बदललं, तेव्हाच काहीतरी केलं असणार मी." तिने खिशातून वही काढली. पानाच्या वर लिहिलेलं होतं, 'ताई म्हणतात'. "कुठे चुकलं, सांगा ना. लिहून ठेवते."

"घाई," ताई म्हणाली.

छोटीने लिहिलं. "अजून?"

एवढ्यावर भागलं असतं. पण पोरीने पेन टेकवून ठेवलं होतं आणि ती डोळे मोठे करून वाट बघत होती.

"खाद्याची धार डिशच्या कडेने सोडायची असते. ती सरळ मधोमध पडली. पेशी उखडल्या."

"पण मी तर कडेनेच..."

"हात थरथरला. ड्रॉपर हलला."

छोटी खाली मान घालून लिहीत होती. अक्षर कसं, मोत्यासारखं.

"रोज नाही थरथरत," ताई म्हणाली. "सकाळी जास्त. दोन महिने झाले. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर या खोलीत कोणी येऊ दिलं असतं मला?"

पेन थांबलं. छोटीने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग मान वर केली.

ताईचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. तिने ते बाहेर काढले आणि वहीच्या शेजारी टेबलावर ठेवले. उजवा थरथरत होता.

"लिही," ती म्हणाली. "नीट लिही. डॉक्टरांना दाखवायचंय."