चोळायचं नाही

“बाबा, हात सोड. एकदाच चोळते.”

“नाही म्हणजे नाही.” पांतेलिसने लेकीची दोन्ही मनगटं आणखी घट्ट धरली.

ग्रीसमधल्या वोलोस शहरातल्या त्या घराच्या खिडक्या भरदुपारी बंद होत्या. आर्गिरोच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. चष्मा असूनही अलीकडे तिला अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसायच्या. लेझर करून चष्माच घालवावा म्हणून ती डॉक्टरकडे गेली, तर तपासणीत वेगळीच शंका निघाली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होतोय, पुढे सुळक्यासारखा येईल. नुसत्या लेझरने तो आणखी कमजोर झाला असता. म्हणून डॉक्टरीणबाईंनी परवा लेझर अगदी बेताने फिरवलं आणि त्याच बैठकीत पिवळे थेंब घालून, निळसर प्रकाश देऊन पडद्याला बळकटी आणली. “चष्मा जाईल असं म्हणत नाही,” त्या म्हणाल्या होत्या, “नजर टिकेल. पण डोळे चोळायचे नाहीत.”

पांतेलिसला हाच आजार. त्याच्या वेळी तो कुणाच्या लक्षातच आला नाही. आता एका डोळ्यात परक्या माणसाचा बसवलेला पडदा, दुसऱ्यात कायमचं धुकं. बस चालवणं चाळिशीतच सुटलं.

“माझ्याकडून घेण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही का गं तुला?”

“नाकही घेतलंय की. त्याचं काही ऑपरेशन असतं का, विचार.”

तो हसला. कण्हत कण्हत तिचा डोळा लागला, तरी त्याने मनगटं सोडली नाहीत.

नजर निवळायला दोन-अडीच महिने गेले. चष्मा राहिला, पण पातळ काचेचा. रविवारी सकाळी तो घालून ती स्वयंपाकघरात आली. पांतेलिस कॉफी ढवळत होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

“काय गं? नीट दिसतंय ना?”

“दाढी केलीस आज?”

“म्हणजे काय! आत्ताच.”

जबड्याखाली, गळ्यापाशी पांढऱ्या केसांचे पुंजके तसेच राहिले होते. किती वर्षं राहत होते कोण जाणे. ती आत जाऊन त्याचं दाढीचं सामान घेऊन आली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“मान वर कर.”

त्याने मुकाट्याने मान वर केली आणि डोळे मिटले.