धूमकेतूचा आलेख
सत्त्याण्णव साली सांगलीच्या कॉलेजात धूमकेतूवर खगोलशास्त्राच्या सरांचं व्याख्यान होतं. त्यांची विद्यार्थिनी उमा फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांना घेऊन औंधहून आली. अकरा वर्षांपूर्वी एका अंतराळयानाने धूमकेतूजवळून टिपलेल्या प्रकाशाचा आलेख सरांनी पडद्यावर दाखवला आणि ‘माझं संशोधन’ म्हणाले. तो आलेख उमाने चार वर्षं आकडे तपासून पारदर्शक कागदावर हाताने काढला होता. तिचं नाव कुठेच नव्हतं. त्यातल्या उंचवट्यावर काठी टेकवून सर म्हणाले, “हा पृष्ठभागावरचा बर्फ.” उमा ताडकन उठली. “बर्फ नाही, सर, कार्बन. पृष्ठभाग कोळशासारखा काळा आहे.” “विद्यार्थिनीनं विद्यार्थिनीसारखं बसावं,” सर हसले. वडील म्हणाले, “आवं सायेब, ती रेघ माझ्या पोरीनं काढलीया.” “बसा खाली,” सर म्हणाले. उमा मंचावर गेली, प्रोजेक्टरच्या काचेवरचा आपला आलेख उचलून वडिलांसोबत बाहेर पडली. पडद्यावर नुसता उजेड राहिला.