कोण कमी आहे?

इटालियनच्या वर्गात बाईंनी बुटांच्या खोक्याच्या घरात आइस्क्रीमच्या काड्यांवरची पाच माणसं उभी केली: मम्मा, पापा, नोन्ना म्हणजे आजी, फ्रातेल्लो म्हणजे भाऊ, सोरेल्ला म्हणजे बहीण. कागद मुलांनीच कापला होता, डोळ्यांची बटणंही त्यांनीच चिकटवली होती. आजीला कुणीतरी मिशी काढली होती.

"डोळे मिटा. बोटांच्या फटीतून बघेल त्याची पाळी गेली."

बारा मुलांनी डोळे मिटले. बाईंनी भाऊ उचलून पाठीमागे धरला. "उघडा. कि मांका?" कोण कमी आहे?

"फ्रातेल्लो!" अकरा जण ओरडले.

"सोरेल्ला," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"अगं, तुला डोळे आहेत की बटणं?" पुढच्या बाकावरचा मिशीवाला कलाकार वळून म्हणाला. "बहीण ही काय, उभी आहे."

मुलीनं काडीवरच्या बाहुलीकडे नीट पाहिलं. "ही ती नाही."

बाईंनी घाईघाईनं पुढचा डाव लावला. नाव घालताना हिच्या आईनं एकच अट सांगितली होती: मोठी मुलगी हिवाळ्यात वारली, घरात आम्ही तिचं नाव काढत नाही, इथेही नको. बाईंनी मान डोलावली होती. इटालियन शब्दांच्या वर्गात तिचं नाव निघेलच कशाला, असं त्यांना वाटलं होतं.

या वेळी त्यांनी कोणालाच उचललं नाही. मुलांना फसवायला त्या असा डाव मधूनच टाकत. उत्तर असे नेस्सूनो, कोणीच नाही.

"कि मांका?"

मुलांनी मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. नेस्सूनो मात्र कोणी म्हणेना. मिशीवाला हळूच म्हणाला, "बाई, खरंच कोणीतरी कमी वाटतंय."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मुलगी बाकाच्या कडेला सरकली होती. शेजारी एकाची जागा केली होती.

वर्ग सुटला तेव्हा तिची आई दारातच थांबली. मुलगी खाली बसून बुटांचे बंद बांधू लागली.

"घरीही हाच खेळ," आई म्हणाली. "ताटं वाढली की विचारते, आणि उत्तरही स्वतःच देते. रोज तेच एक. काल हिच्या बाबांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, काय बरळते ही, बाईंना अर्थ विचारून ये."

बाईंनी मनातल्या मनात खोटा अर्थ जुळवला. टोपी, टेबल, काहीही चाललं असतं. खरं सांगितलं तर ही मुलगी उद्यापासून येणार नव्हती, आणि उरलेला तो एक शब्दही तिच्याकडून काढून घेतला जाणार होता.

"तो ना, घरातल्या वस्तूंमधला..."

"अर्थ नका सांगू," आई मध्येच म्हणाली. मग तिचा आवाज अगदी खाली आला. "म्हणायचा कसा, तेवढं शिकवा."

बाईंनी शब्द सावकाश सांगितला: सोरेल्ला. आईचे ओठ हलले; पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा शब्द निघाला, पाढा म्हटल्यासारखा.

बंद तसाच हातात धरून मुलीनं मान वर केली.

"असं नाही, आई. हाक मारल्यासारखं म्हण."