जिऱ्याएवढा टाका

टाका पुन्हा आला होता.

थोरलीने पिवळा फ्रॉक उलटा करून खिडकीशी धरला. खालच्या दुमडीत, डाव्या शिवणीला लागून, जिऱ्याएवढा लाल टाका. काल तिने तो स्वतःच्या हाताने उसवला होता. परवाही. त्याच्या आदल्या दिवशीही.

पंधरा दिवसांपूर्वी ती नुसती मुलगी होती. मग अनाथ मुलांच्या संस्थेतून ही नवी आली आणि तिला न विचारताच सगळे तिला थोरली म्हणायला लागले. नवी सहा वर्षांची. सोबत एक कापडी पिशवी आणि एक टकली बाहुली. जेवताना आई आता आधी नवीला वाढायची. बाबा नवीला खांद्यावर घेऊन घरभर फिरायचे. थोरलीला मात्र दोन वर्षांपूर्वीच "आता जड झालीस गं बाई" म्हणून त्यांनी खाली उतरवलं होतं, ते कायमचंच.

पहिल्याच दिवशी तिने नवीला बजावलं होतं, "मला ताई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणायचं नाही."

तेव्हापासून नवीला काही हवं असलं की ती गुपचूप थोरलीची बाही ओढायची.

आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत दोन मशिनं होती, कापायचं लांब टेबल होतं, आणि हात लावला तर ओरडा बसेल अशी मोठी कात्री होती. गिऱ्हाइकाच्या कपड्यात लाल टाका कधी नसे. तो फक्त घरात. थोरलीच्या गणवेशात होता, बाजारातून आणलेल्या मोज्यांतसुद्धा होता. आईच्या कपड्यांत होता. बाबांच्या एकाही सदऱ्यात नव्हता. पण बाबांना या घरात विचारतो कोण, असं म्हणून थोरलीने तो प्रश्न केव्हाच निकालात काढला होता.

"टाका म्हणजे आपलं माणूस," आई एवढंच सांगायची.

आणि आता तो नवीच्या फ्रॉकात! फ्रॉक आईने शनिवारसाठी शिवला होता. शनिवारी संस्थेच्या बाई येणार होत्या. त्या नवीला विचारणार होत्या, "इथेच राहायचंय ना?" थोरलीला वाटत होतं, नवीने नाही म्हणावं. एकदाच म्हणावं, आणि आपली पिशवी उचलावी.

"टाका तू घातलास?" तिने आईला विचारलं होतं.

"मी नाही गं," दाताने दोरा तोडत आई म्हणाली, आणि हसली. थोरलीला वाटलं, नवीसाठी आई आपल्याशी खोटं बोलते!

मग तिने पहारा बसवला. घरातलं एकुलतं एक लाल रीळ दप्तरात दडवलं. फ्रॉक कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली बुटात घातली, बूट पायात घातले. कपाटासमोर शिवणाच्या खडूची पूड भुरभुरली. शाळेतून येऊन बघितलं तर कुलूप तसंच, पुडीवर पाऊल सोडा, मुंगीचा मागही नाही.

आणि टाका जागेवर.

आज शुक्रवार होता. तिने बारीक कात्री घेतली आणि पलंगावर बसलेल्या नवीपुढे जाऊन उभी राहिली.

"हे बघ." लाल दोरा तिने चिमटीत धरून ओढून काढला. "गेला. तू आमची नाहीस. उद्या बाईंना तसं सांग."

नवी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिने खाली वाकून पिशवी काढली, तोंड उघडलं, आणि बाहुली आत ठेवली. अशी, की जणू ते काम तिला पाठ होतं.

"कात्री दे इकडे."

दारात आई होती. गळ्यात टेप, हातात अर्धा शिवलेला कुणाचा तरी खिसा.

"तू का घालतेस तिला टाका?" थोरली किंचाळली. "तो माझा आहे!"

"मी नाही घालत. कधीच नाही घातला." आई पलंगावर नवीशेजारी बसली. "मी लग्न करून आले ना, तिसऱ्या सकाळी माझ्या कपड्यांत निघाला. मला वाटलं, सासूबाईंचं काम. तर त्या म्हणाल्या, मला काय विचारतेस, माझ्याही कपड्यांत आहे. हे घरच घालतं गं. बाहेरून आलेल्या माणसाला. इथे जन्मलेल्याला त्याची गरज पडत नाही. तुझ्या बाबांच्या सदऱ्यात बघितलास कधी?"

"म्हणूनच तर!" थोरली तावातावाने म्हणाली. "ही बाहेरची आहे. मी तर इथेच..."

ती थांबली. तिचा हात आपोआप स्वतःच्या फ्रॉकच्या काठाकडे गेला. बोटांना तो लागला. तिथेच होता, नेहमीसारखा.

"आई?"

आईने खिसा बाजूला ठेवला. "तुला आणलं तेव्हा नऊ दिवसांची होतीस. एवढंसं झबलं. त्यात टाका निघाला तेव्हा बाबा ते झबलं घेऊन घरभर नाचले होते. मी सांगणारच होते तुला. रोज म्हणायचे, उद्या."

पुढच्या खोलीत गिऱ्हाईक हाक मारत होतं. आई उठली नाही. थोरलीला समोरचं काही दिसेना. सगळं पाण्यातून दिसावं तसं हलायला लागलं.

कुणीतरी तिची बाही ओढली. मग नवी पलंगावरून उतरली, खाली बसली, थोरलीच्या फ्रॉकचा काठ उलटा केला आणि नाक लावून नीट तपासला.

"रडू नकोस ताई," ती म्हणाली, आणि घाबरून तिने तोंडावर हात ठेवला. पण मग राहवेना म्हणून बोटांच्या फटीतून कुजबुजली, "तुझा आहे अजून."

थोरलीने पिशवीत हात घातला आणि बाहुली बाहेर काढली.